वारसाचा रकाना

रकाना ९. अर्जदाराची सही किंवा डाव्या हाताचा अंगठा

कोरा.

एकोणतीस कागदांवर सह्या झाल्या होत्या. सव्वीस सह्या, तीन अंगठे. तिसावा कागद दिनानाथ मास्तरांच्या दुकानात दौतीखाली चार दिवस पडून होता. त्यावर गुणाबाईचा अंगठा हवा होता आणि गुणाबाई अंगठा देत नव्हती.

दिनानाथांना मास्तर म्हणायचे ते जुन्या सवयीने. शाळा सोडून त्यांना आठ वर्षं झाली होती. आता ते वह्या-पेन्सिली विकत आणि दर माघात काशीची यात्रा नेत. पनवेलहून एसटीने कल्याण, कल्याणहून राखीव डबा, मग प्रयाग, काशी, गया. एकवीस दिवस, बरोबर दोन आचारी. या वर्षी त्यांनी नवीनच काढलं होतं, यात्रेकरूंचा विमा. मागच्या उन्हाळ्यात कुठल्याशा घाटात यात्रेची बस कोसळल्याचं पेपरात आलं होतं, तेव्हापासून गावातली शिकलेली मुलं आईबापांना नुसतं देवाच्या भरवशावर सोडायला तयार नव्हती. मुंबईची एक कंपनी कबूल झाली. माणशी सहा रुपये, एकवीस दिवसांपुरते. अपघातात माणूस गेलं तर वारसाला दोन हजार. अट एकच. निदान तीस माणसं पाहिजेत, एकोणतीस चालणार नाहीत. आणि यात्रेला निघालेली माणसं मोजून तीस होती.

"म्हंजे माझ्यापायी सगल्यांचं अडलंय?" गुणाबाईने विचारलं.

"तुमच्याचपायी."

"बावीस वर्सं मी या पनवेलात हाय मास्तर. माझ्यावाचून कोनाचं कायबी अडलं नव्हतं. जरा अडू दे की."

रकाना १. संपूर्ण नाव

गुणाबाई बुधाजी. हे नाव तिने सांगितलं नव्हतं. यात्रेच्या वहीत नाव घालताना मास्तरांनी शेजारच्या दुकानदाराला विचारून ते लिहिलं होतं. तिने मधलं नाव कधी घेतलं नाही. आधी घ्यायचं नसतं म्हणून, आणि नंतर घ्यावंसं वाटलं नाही म्हणून.

रकाना ३. धंदा

सुकी मासळी विकणे. बाजाराच्या टोकाला, जिथून पुढे भाजीवाल्यांची ओळ संपते, तिथे तिची जागा. बोंबील, जवळा, करंदी, बांगडा. जिच्या टोपलीत खवट माल नाही अशी एकच बाई, असं गिऱ्हाइकं म्हणत. यात्रेला निघालेल्यांपैकी निम्मी माणसं तिची गिऱ्हाइकं होती आणि उरलेली निम्मी नाकाला पदर लावून तिच्यापुढून जात. त्या निम्म्यांनी मास्तरांना आधीच बजावलं होतं, बाईला न्या, पण तिची ट्रंक उघडून बघा.

मास्तरांनी हे तिला शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं.

"बगा की," ती म्हणाली. "दोन लुगडी हायेत. त्यांना वास येतो तो माझा हाय, बोंबलाचा नाय. तो काय काढून ठेवता येत नाय."

रकाना ४. विवाहित / अविवाहित / विधवा (नको ते खोडावे)

इथे मास्तरांची लेखणी पहिल्यांदा थांबली होती.

गुणाबाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. गळ्यात काळे मणी होते. आणि नवरा खाडीपलीकडच्या मिठागरावर दुसऱ्या बायकोबरोबर राहत होता. लग्नानंतर सहा वर्षं मूल झालं नाही, तेव्हा बुधाजीने भामाला आणली. गुणाबाईला कोणी जा म्हटलं नाही. चुलीपुढचा पाट तेवढा भामाला दिला. गुणाबाई तीन दिवस ओसरीवर जेवली आणि चौथ्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन पनवेलला आली. मूल पुढे भामालाही झालं नाही. तोवर गुणाबाईची बाजारातली जागा पक्की झाली होती आणि तिला परत बोलवायला कोणी आलं नाही. तिनेही वाट पाहिली नाही. निदान तसं ती म्हणे.

मास्तरांनी शेवटी अविवाहित खोडलं, विधवा खोडलं. जे उरलं ते तसंच राहू दिलं.

रकाना नाही, पण हेही त्याच कागदापायी घडलं

तेलाच्या व्यापाऱ्याची बायको चंद्रावतीबाई दुसऱ्या दिवशी बाजारात आली. तिच्या थोरल्या मुलाने बोरीबंदरच्या ऑफिसातून लिहिलं होतं, विमा नसेल तर आईने जाऊ नये. चंद्रावतीबाईला जायचंच होतं. प्रयागला वेणीदान करायचं तिने सात वर्षं मनात धरलं होतं. नवऱ्याच्या हातून वेणीचं टोक कापून घ्यायचं आणि ते गंगेला द्यायचं, सवाष्णीला यापरतं पुण्य नाही.

"अहो, एक अंगठा तर टेकायचाय," ती म्हणाली. "सहा रुपये तुम्हाला जड झाले का? मी देते."

"सहा रुपये हायेत."

"मग घोडं कुठे पेंड खातंय?"

गुणाबाईने बोंबलांची चवड सरळ केली. "त्यात एक नाव सांगावं लागतं. मी मेले तर पैसे कोनाला."

"मग सांगा ना! मालकांचं सांगा. तोच रिवाज आहे. माझ्या कागदावर यांचं, यांच्या कागदावर माझं." चंद्रावतीबाईला एकदम सुचलं आणि तिचा चेहरा उजळला. तिला खरंच मदत करायची होती. "मी म्हणते, त्यांनाच बोलवून घ्या यात्रेला! एकवीस दिवसांचा प्रश्न. वारसही तेच, वेणीदानही होऊन जाईल. सगळंच जमलं."

"कातर त्याच्या हातात देऊ?" गुणाबाई म्हणाली. "बाई, त्यानं एकदा कापली ती पुरे झाली."

आजूबाजूच्या भाजीवाल्या हसल्या. चंद्रावतीबाई हसली नाही. ती जाताना एवढंच म्हणाली, "तुमचं ठीक आहे हो. पण आमचा काशीविश्वेश्वर तुमच्या टोपलीत अडकलाय."

ते मात्र गुणाबाईला लागलं.

कागदाच्या तळाची सूचना, बारीक अक्षरात

ती वाचून दाखवायला कंपनीचा माणूस स्वतः आला. कमळाकर त्याचं नाव. सडपातळ, टोपी घातलेला, खिशाला दोन पेनं. शनिवारी दुपारच्या एसटीने त्याला कागद घेऊन परत जायचं होतं आणि आज शुक्रवार होता.

"मावशी, वारसाचं नाव नसेल तर रकाना कोरा सोडा," तो म्हणाला. "काही बिघडत नाही. अंगठा तेवढा करा."

गुणाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा झाला. तिने हात पुढेही केला. मग तो आखडून घेतला. बावीस वर्षं तराजू हातात धरलेली बाई होती. जी गोष्ट फार सोपी दिसते तिचं पारडं ती उलटं करून बघायची.

"कोरा सोडला तर पैसे कोनाला जातात?"

"कायद्याने जो जवळचा असेल त्याला."

"माझा जवलचा कोन?"

कमळाकरने कागदाकडे पाहिलं. चौथ्या रकान्यात जे खोडलं नव्हतं ते वाचलं. "पती."

"तो जवलचा?" गुणाबाईने खाडीच्या दिशेला बोट केलं. "तीन कोस हाय."

"मावशी, कायद्यात कोस धरत नाहीत."

तिने हात पदरात घेतला. आता तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. ती विम्याविना मेली तर बुधाजीला काही मिळायचं नाही. चार टोपल्या आणि एक तराजू, ते बाजारातल्या बायका वाटून घेतील. पण विमा उतरवून मेली, तर बावीस वर्षांनी त्याला तिचा फायदा होणार. जिवंतपणी तिने त्याला ओंजळभर जवळा दिला नव्हता. आणि त्याचं नाव नको म्हणून मुद्दाम दुसरं घालायचं, तर घालायचं कुणाचं? आईबाप गेले. भाऊ देवीच्या साथीत गेला. बाजारातल्या बायका एका बाजारापुरत्या बहिणी असतात, एकीचं नाव घातलं तर बाकीच्या सहा जणी तोंड फिरवतील. मास्तरांनी भीत भीत "आपल्या यात्रा मंडळाच्या नावावरही ठेवता येईल" असं म्हणून पाहिलं, तेव्हा तिने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते दौत पुसायला लागले.

म्हणजे कागद भरायचा तर सगळ्या गावासमोर सांगायचं, की माझं कोणी नाही. एवढंच होतं. यात्रेला निघालेल्या तीस जणांत एकटी तीच होती जिला हे सांगावं लागणार होतं. ते न सांगता बावीस वर्षं निभावली होती. कुंकू लावलं की कोणी विचारत नाही.

"उद्या दुपारी या," ती म्हणाली. "मग सांगते हो का नाय."

रकाना ६. यापूर्वी झालेल्या इजा, असल्यास

शनिवार बाजाराचा दिवस. खाडीपलीकडच्या बायका मीठ घेऊन येत, त्यांत भामा असायची. बावीस वर्षं ती गुणाबाईपासून पंधरा पावलांवर पाटी उतरवत होती. दोघी कधी बोलल्या नाहीत. एकमेकींकडे बघायचं नाही, असं ठरवूनही दोघींना एकमेकींचं सगळं माहीत होतं. गुणाबाईने चष्मा घेतला ते भामाला माहीत. भामाचे पुढचे दोन दात गेले ते गुणाबाईला माहीत. कसे गेले तेही.

त्या दिवशी भामाने पाटी उतरवली आणि बसली. पाय पुढे पसरले. मिठाच्या पाण्यात उभे राहून तिच्या टाचा पांढऱ्या पडल्या होत्या, भेगांत बोट जाईल अशा. गिऱ्हाइकाशी घासाघीस केली. दोन पायली मीठ मोजलं. मग बुधाजी आला. काठी टेकत, पण काठीची गरज नसल्यासारखा. त्याने हात पुढे केला. भामाने कनवटीचं काढून दिलं. तो मोजतसुद्धा बसला नाही, ताडीच्या गुत्त्याकडे वळला. जाता जाता मागे वळून "भाकर कुठाय" असं म्हणाला, आणि भामा उठून भाकरीचं फडकं त्याच्या हातात देऊन आली.

गुणाबाईने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. दर वेळी तिच्या मनात एकच यायचं, बरं झालं, भोग आता. त्यावर तिचा आठवडा सुखात जायचा.

आज डोक्यात कागद होता. कागदावर विचारतात, धंदा काय, वारस कोण, नातं काय. ती बघत राहिली आणि तिला भामाचा धंदा दिसला. पहाटे उठून त्याची भाकर थापायची. मिठागरावर उभं राहायचं. पाटी तीन कोस वाहायची. कमाई त्याला द्यायची. मार खायचा. पुन्हा भाकर थापायची. बावीस वर्षं, एक दिवस खाडा नाही.

आणि हे काम आधी कोणाला नेमून दिलेलं होतं?

गुणाबाईने समोरच्या गिऱ्हाइकाला तसंच उभं ठेवलं. टोपलीवर फडकं टाकलं आणि मास्तरांच्या दुकानाकडे निघाली.

रकाना ७. वारसाचे नाव

"भामा."

मास्तरांनी लेखणी उचलली, मग त्यांच्या लक्षात आलं. "कोण भामा?"

"मिठागरावरची. एकच हाय."

दुकानात कमळाकर होता, चंद्रावतीबाई होती, तिचे यजमान होते. विमा होतो की नाही बघायला आणखी चार यात्रेकरू पायरीवर बसले होते.

रकाना ८. नाते

"नातं काय लिहू?" कमळाकरने विचारलं. तो मुंबईचा, त्याला काही माहीत नव्हतं.

"सवत."

कमळाकरने पेन खाली ठेवलं. "मावशी, थट्टा करू नका. ऑफिसात साहेब वाचतात."

"त्यांना सवत ठाऊक नाय?"

"गुणाबाई," चंद्रावतीबाई कळवळून म्हणाली, "रागाच्या भरात काही करू नका. हवं तर देवळाच्या नावावर लावा. शत्रूच्या घरात कोणी पैसे टाकतं का?"

"राग कुटला? बावीस वर्सं माझं काम ती करते." गुणाबाई ओट्यावर टेकली. "भाकर मी थापायची ती ती थापते. पाटी मी व्हायची ती ती व्हाते. मार माझ्या वाटचा, तो ती खाते. मी हितं सावलीत बसून बोंबील इकते. मी मेले तर कुनीतरी तिची मजुरी द्यायला पायजे का नको?"

चंद्रावतीबाईच्या यजमानांनी खोकून रस्त्याकडे पाहिलं.

"आन् मास्तर, बुधाजीच्या हातात नाय पडले पायजेत."

बावीस वर्षांत तिने त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं ते असं, पत्त्यातलं गाव सांगावं तितकं सरळ.

कमळाकरने पेन पुन्हा उचललं. मग आठव्या रकान्यात 'सवत' असं नीट अक्षरात लिहिलं. "साहेबांनी विचारलं तर मी सांगेन," तो म्हणाला. काय सांगेन ते त्यालाही माहीत नसावं.

रकाना ९, पुन्हा

पहिला अंगठा उठला नाही. नुसता काळा डाग आला, आत एकही रेघ नाही. लहानपणी आईबरोबर मिठागरावर काम केलं होतं आणि नंतर खारवलेल्या मासळीत हात. रेघा झिजून गेल्या होत्या. कमळाकरने अंगठा पुसला, पुन्हा शाई लावली, स्वतःच्या हाताने दाबून धरला. तिसऱ्या खेपेला कडेच्या दोनतीन रेघा आल्या.

"चालेल," तो म्हणाला. एसटी सुटायला दहा मिनिटं होती.

निघण्याचा दिवस. याला रकाना नाही

स्टँडवर तीस यात्रेकरू आणि त्यांना पोचवायला आलेली दीडशे माणसं. हार, नारळ, पायांवर डोकी. गुणाबाईला पोचवायला बाजारातल्या बायका आल्या होत्या आणि परत येताना गंगेचं पाणी किती गडवे आणायचं यावर त्यांचं भांडण चाललं होतं.

गर्दीतून भामा आली. पाटी नव्हती, म्हणून ती कोणाला एकदम ओळखू आली नाही. ती गुणाबाईपुढे येऊन उभी राहिली. बायकांचं भांडण आपोआप थांबलं.

"माझं नाव कशाला घातलंस?" भामा म्हणाली. बावीस वर्षांतलं पहिलं वाक्य.

"कोनी सांगितलं?"

"सगला बाजार सांगतो. त्यालाबी कलालं. काल त्यानं देवाला नारल फोडला. लग्न झाल्यापासनं त्यानं देवाला नारल फोडलेला मी बगितला नव्हता."

"काय मागितलं?"

"मोठ्यानं नाय बोलला. पन दोनदा इचारलं, रेल्वेची गाडी किती जोरात जाते."

गुणाबाई हसली. तिला हसू आवरेना, तिने पदर तोंडाला लावला. भामाच्या दात नसलेल्या तोंडातूनही हसू फुटलं, पण तिने ते लगेच गिळलं.

"मना नको ते पैसे," ती म्हणाली. "घरात आले तर मडक्यात ठेवा का मातीत पुरा, तो हुडकून काढतो. मारून काढतो. तू धडपनी परत ये, तेच बरं."

"घरात कशाला ठेवतेस? पोस्टात ठेव. मास्तर नेतील तुला. तुझ्या अंगठ्याबिगर कोनाला मिलत नाय."

भामाने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग कमरेचं पुडकं सोडून पुढे केलं. केळीच्या सोपात बांधलेलं, सुतळीने आवळलेलं. बांधलेलं होतं तरी वास लपत नव्हता. करंदी. खाजणातली, स्वतः पकडून मिठागराच्या बांधावर वाळवलेली. तशी करंदी पनवेलच्या बाजारात येतच नाही. चंद्रावतीबाईने नाकाला पदर लावला आणि यजमानांच्या मागे सरकली.

"वाटेत खायला," भामा म्हणाली.

काशीच्या यात्रेला सुकी करंदी. आजूबाजूचे यात्रेकरू सटकन दोन पावलं मागे झाले. भामाला कळेना काय चुकलं. लांबच्या वाटेला निघालेल्या माणसाला तिच्या घरातून हेच देत आले होते. मास्तर वही हातात घेऊन धावत आले. "गुणाबाई, हे डब्यात चालायचं नाही हां. सांगून ठेवतो. आचारी उतरून जातील."

गुणाबाईने पुडकं हातात घेतलं. वजन पाहिलं, सवयीने. नाकाशी धरलं. मग ते भामाच्या हातात परत दिलं आणि तिची बोटं त्यावर मिटली.

"ठेव," ती म्हणाली. "एकवीस दिवसांनी येते. यात्रेच्या मावंद्याचं जेवन झालं की दुसऱ्या दिवशी हितंच बाजारात चूल मांडू. तोवर त्याला खायला देऊ नको."

"नाय देत," भामा म्हणाली.

मास्तरांची वही, पान शेवटचं : काशीत सोडावयाची वस्तू

काशीला गेलं की आवडीची एक खायची वस्तू गंगेत सोडून यायची असते; पुन्हा जन्मभर ती खायची नाही. मास्तर सगळ्यांच्या वस्तू आधीच लिहून घेत, म्हणजे घाटावर कोणी सोडतो म्हणून मागे फिरत नाही. चंद्रावतीबाईपुढे 'अंजीर' होतं. गुणाबाईपुढे महिन्यापूर्वी तिनेच सांगितलेलं 'करंदी' होतं, आणि सुकी मासळी विकणाऱ्या बाईने हे सांगितलं म्हणून मास्तरांनी त्या वेळी तिला मनातून नमस्कारही केला होता.

कल्याणच्या वाटेवर एसटी गावाबाहेर पडली तेव्हा गुणाबाई आपल्या जागेवरून उठली आणि खांबाला धरत मास्तरांच्या बाकापाशी आली.

"माझ्यापुढचं खोडा. पडवल लिवा."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "गुणाबाई, आवडती वस्तू सोडायची असते."

"पडवल मना लय आवडतं," गुणाबाई म्हणाली.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तिची पापणीही हलली नाही. त्यांनी करंदी खोडली, पडवळ लिहिलं, आणि ती नीट बसेपर्यंत ड्रायव्हरला जरा सावकाश घ्यायला सांगितलं.